लूमवर सुचवलेले सिनेमे

मला परदेशी सिनेमांचं वेड आहे आणि मी ते ज्याला सुचवतो असा माणूस एकच, कामतघरच्या आमच्या यंत्रमागाच्या शेडमध्ये समोरच्या लूमवर उभा असणारा कारागीर. लूमच्या खटखटीत कान कामाचे नाहीत, म्हणून आम्ही एकमेकांचे ओठ वाचतो. जपानी प्रेमकथा झाली, तुर्की विनोदी सिनेमा झाला, त्याला एकही पटला नाही. हिंदीत डब केलेल्या सिनेमात ओठ एक बोलतात आणि आवाज दुसरंच, यावर तो वैतागायचा. शेवटी मीही वैतागलो आणि त्याला बोलणंच नसलेला एक भीतीपट दिला. बर्फातल्या खोपटात एक माणूस अडकलाय, दार उघडत नाही, बाहेर चिटपाखरू नाही, बस.

दुसऱ्या दिवशी त्याचे ओठ हलले, "बहुत डर लगा."

दार उघडत नव्हतं म्हणून का, मी खुणेनं विचारलं. त्यानं मानेनं नाही म्हटलं.

"दरवाजे का क्या है. इतना सन्नाटा था, लगा लूम बंद हो गए."

मी हसणार होतो. पण तोच सिनेमा घरी बघताना, शेजारच्या शेडची खटखट ऐकू यावी म्हणून मी खिडकी उघडून बसलो होतो.