मावशीचा रिसेप्टर

उंदराच्या मेंदूविषयी बोरीवलीतल्या आमच्या गल्लीला जेवढं ज्ञान आहे तेवढं जगातल्या कुठल्याही विद्यापीठाच्या गावाला नसेल, आणि ह्याचं सगळं श्रेय माझ्या मावशीला जातं. आमचा इस्त्रीवाला, कोपऱ्यावरचा वाणी, सोसायटीचे सेक्रेटरी, लिफ्ट दुरुस्त करायला आलेला माणूस, ह्यांतल्या कोणालाही विचारा, ‘रिसेप्टर म्हणजे काय?’ तो धडाधड सांगेल. हौसेने शिकला म्हणून नव्हे, मावशीच्या तावडीत सापडला म्हणून. मावशी मेंदूवर संशोधन करायची. उपनगरातल्याच एका सरकारी संस्थेत तिची प्रयोगशाळा होती आणि मेंदूतलं एकच प्रथिन धरून ती उभं आयुष्य बसली होती. पेशीच्या अंगावर बसणारं, ठरावीक रसायन येऊन चिकटलं की आत वर्दी देणारं प्रथिन. त्यालाच रिसेप्टर म्हणतात. मासेवालीला तिने ते असं समजावलं होतं : “तू खालून ‘पापलेट’ म्हणून ओरडतेस. ऐकू सगळ्या बिल्डिंगला जातं. पण खिडकीत कोण येतं? तळमजल्यावरचे शहा येतात का? नाही. मी येते. तर तुझी हाक म्हणजे ते रसायन, आणि मी म्हणजे रिसेप्टर.” मासेवालीने सगळं नीट ऐकून घेतलं. “ते समदं खरं गो बाय,” ती म्हणाली, “पन तू बोलत रायलीस आन पापलेट वरच्या मजल्यावाली घेऊन गेली.”

मावशीचे उंदीर शेतातल्या एका खास जातीचे होते. नर-मादी एकदा जमले की जन्मभर जोडीने राहणारे. त्यांतला एक उचलून दुसऱ्या खोलीत ठेवला की मागे राहिलेला कोपऱ्यात बसतो, खात नाही, खेळत नाही. मावशीचं म्हणणं असं की हा विरह त्या एका प्रथिनाचा खेळ आहे. हे म्हणणं तिने शास्त्रीय नियतकालिकांतून मांडलं, परदेशातल्या सभांतून मांडलं आणि त्याहून जास्त घरच्या लग्नांतून मांडलं. मुलुंडच्या एका हॉलमध्ये चुलतबहिणीची पाठवणी चालली होती. नवरीची आई हुंदके देत होती. मावशी तिच्या हातात रुमाल देत म्हणाली, “रड, भरपूर रड. आत्ता रिसेप्टर मोकळे आहेत. परवा रडायला बसलीस तर एवढं समाधान नाही मिळायचं.” त्या बाई रडायच्या थांबल्या आणि उरलेली पाठवणी आम्ही सगळ्यांनी हसू दाबत उरकली. माझा साखरपुडा मोडला तेव्हा ती सोलकढीची बाटली घेऊन आली, माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, “हे बघ, तुझ्या डोक्यात सध्या जे चाललंय ना, ते तुझं नाहीये. ते प्रथिनाचं आहे. तू मधे पडू नकोस.” खोटं कशाला सांगू, त्या वाक्यावर मी तो सबंध महिना काढला.

तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, म्युनिसिपालिटीच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. अत्यंत कमी बोलणारा माणूस. त्यांनी बोलावं अशी मोकळी जागा घरात कुठे नव्हतीच. सुरुवातीच्या काळात मावशीच्या निबंधांतल्या आकृत्या तेच काढून द्यायचे. एकदा परदेशातल्या एका परीक्षकाने निबंध परत पाठवला. बाकी सगळं ठीक, पण आकृतीतला उंदीर हसताना दिसतो, ते काढावं. मावशी घरी येऊन काकांवर उखडली. काकांनी चष्मा लावून आकृती न्याहाळली आणि ते शांतपणे म्हणाले, “जोडीत आहे ना? मग हसणारच.” मावशीने हसू खोडायला रबर घेतला, पण आमच्या आईचं म्हणणं, त्या दिवशी ती संध्याकाळभर स्वतःच गालातल्या गालात हसत होती.

काका गेले ते दुपारी जेवून पडल्या जागी. घर माणसांनी भरलं. जो भेटायला येईल त्याला मावशी चहा द्यायची आणि त्याला वाईट वाटतंय म्हणजे मेंदूत नेमकं कुठे काय होतंय, ते सांगायची. शेजारच्या आजी गळ्यात पडून रडायला आल्या होत्या, त्या मेंदूचा मधला भाग समजून घेऊन परत गेल्या. मावशीच्या डोळ्यांतून मात्र टिपूस नाही. माझी आई घाबरली. दोघी बहिणी जिवावरचं बोलणं असलं की मालवणीत शिरतात. “अगो, एकदा रड तरी,” आई म्हणाली. “माका रडूकच येना नाय,” मावशी म्हणाली, “तर काय खोटा खोटा रडू?” दिवस झाले आणि ती प्रयोगशाळेत गेली.

तिथे तिने तिच्या आयुष्यातला मोठा प्रयोग मांडला. ते प्रथिन ज्यांच्यात जन्मापासूनच नाही, असे उंदीर आता करता येत होते. तिचं म्हणणं खरं असेल तर ह्या उंदरांना विरह म्हणजे काय हे कळताच कामा नये. पहिल्या पिंजऱ्याची वेळ आली तेव्हा दिवाळीची सुट्टी होती, मदतनीस गावाला गेले होते, म्हणून तिने मला धरून नेलं. नर दुसऱ्या खोलीत हलवला होता. मादी एकटी होती. “आता बघ,” मावशी म्हणाली, “ही खाणार, पिणार, हुंदडणार. हिला काही वाटायचं कारणच नाही.” आम्ही काचेपलीकडे बसलो. मादीने पिंजऱ्याला एक फेरी मारली. नर निजायचा तिथला कापूस हुंगला. मग ती त्या कापसाशेजारी अंग आखडून बसली. दाणे तसेच पडून राहिले.

“चुकीचा पिंजरा आणला मी,” मावशी म्हणाली. तिने उठून नंबर पाहिला. बरोबर होता. पुन्हा पाहिला.

“भूक नसेल तिला,” मी म्हणालो.

“तू गप रे.”

संध्याकाळपर्यंत आम्ही बसलो. मादी हलली नाही, आणि मावशीही.

पुढे कितीतरी महिने तिने तोच प्रयोग परत परत केला. मोजणाऱ्यालासुद्धा कुठला उंदीर कुठला ते कळू दिलं नाही. उत्तर बदललं नाही. प्रथिन नसलेले उंदीरही झुरत होते. तिचा एके काळचा विद्यार्थी आता तिचाच साहेब झाला होता. तो एकदा घरी आला. मीही होतो. त्याने बशीतली चकली हातात घेतली आणि ती न खाता तशीच धरून बसला.

“मॅडम, तुमची रिटायरमेंट आली,” तो चाचरत म्हणाला. “हे नाही छापलं तर कोणाचं काय बिघडतंय? तुमचं नाव आहे ह्या विषयात. पुढचा माणूस बघेल ना.”

“पुढचा माणूस माझं जुनं वाचून त्याच वाटेने जाईल रे,” मावशी म्हणाली. “त्याचं आयुष्य काय फुकट आलंय?”

आणि तिने छापलं. आपलं आजवरचं म्हणणं ह्या प्रयोगात टिकलं नाही, असं स्वतःच्या नावाने, स्पष्ट शब्दांत. परदेशातून सभांची बोलावणी यायची, ती हळूहळू थांबली.

निबंध प्रसिद्ध झाला त्या रविवारी मी तिच्याकडे गेलो. गॅलरीत चहा घेत बसलो. नॅशनल पार्कचे डोंगर धुरकट दिसत होते. मी विचारलं, “वाईट वाटतं का गं?”

“चुकले ह्याचं नाही वाटत,” ती म्हणाली. कपातला चहा नुसताच चमच्याने ढवळत राहिली. “हे गेल्यापासून मला जे होतंय ना, ते कुठे होतंय ते मला ठाऊक आहे असं वाटायचं. जागा ठाऊक असली की सोसतं रे. आता जागाच गेली.” तिने कप खाली ठेवला, दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि लहान मुलीसारखी हमसून हमसून रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. खूप वेळाने तोंड धुऊन आली तेव्हा आवाज पूर्ववत झाला होता. “चहा गार झाला. दुसरा टाक. साखर कमी घाल, मागच्या वेळेला पाक केला होतास.”

निवृत्तीनंतर ती कुडाळकडे गेली. तिथल्या एका कॉलेजात मुलींना शिकवते. इथला तिचा फ्लॅट एका नव्या जोडप्याने घेतला आहे. चांगली माणसं आहेत, जिन्यात हसतात, पण बोलत नाहीत. रविवारी मी तिला फोन करतो. रेंज येते, जाते. “पोरी प्रश्न फार विचारतात रे,” ती सांगते, “मी म्हणते, माहीत नाही. तर त्या खूश होतात!” मग मधेच आवाज तुटतो, आणि परत जोडला की एकच वाक्य ऐकू येतं, “तू येतोस कधी?” दर वेळी मी ‘बघतो’ म्हणायचो. ह्या खेपेला कुर्ल्याहून सुटणाऱ्या गाडीचं तिकीट काढलं आहे. तिला मात्र कळवलेलं नाही. कळवलं तर ती पहाटेच स्टेशनवर येऊन बाकावर बसेल, आणि गाडी उशिरा आली तरी तिथून उठायची नाही.