मशीनपुढे तोंड उघडलं तेव्हा

चेन्नईत अंबत्तूरच्या आमच्या ऑफिसात परदेशी ग्राहकांचे फोन घ्यायचे, तर आधी एका सॉफ्टवेअरच्या मनात भरावं लागे. हेडफोन लावून पडद्यावरचं वाक्य वाचायचं. उच्चार पटला तर शब्द हिरवा, नाही तर लाल. माझे सुटे शब्द जमत, पण वाक्य आलं की लालच लाल. मशीनची तक्रार एकच: सगळं सारख्या सुरात बोलताय, जोर कुठल्या शब्दावर आहे ते कळत नाही. शेवटच्या चाचणीत नापास झाले तर नोकरी जाणार आणि साताऱ्याला परत. तिथे बाबांनी एका शाळेत माझ्यासाठी शब्द टाकूनच ठेवला होता. "नाही जमलं तरी बिघडत नाही," असं ते दर फोनला म्हणत. माझं जमू नये अशीच त्यांची इच्छा आहे असं वाटून माझं डोकं फिरायचं.

चाचणीच्या सकाळी मी शेवटचा सराव करत होते. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण चेन्नईचीच. तिने ते ऐकून कपाळाला हात लावला. "अय्यो, तू बातम्या वाचतेस, मा! घरी कुणावर चिडतेस की नाही? तसं बोल." हिला काय जातंय सांगायला, असं मनात आलं.

काचेच्या खोलीत मी एकटी. वाचन संपलं तेव्हा निम्म्याहून जास्त शब्द लाल होते. शेवटी आयुष्यातल्या एका निर्णयाबद्दल मिनिटभर बोलायचं होतं. पाठ केलेलं उत्तर सुरू केलं, तर दुसऱ्याच वाक्याला पडदा पुन्हा लाल. मग मात्र माझा ताबा सुटला. मशीन गेलं खड्ड्यात! मी बाबांनाच समोर बसवलं. मी परत येणार नाही, म्हटलं. मला इथे आवडतं. शाळेत शब्द टाकलात, मला विचारलंत? पडू द्या ना एकदा, माझी मी उठेन. सगळं इंग्रजीत, टेबलावर बोट आपटत. 'नाही'वर आवाज चढत होता, 'मला'वर चढत होता. मिनिट संपलं तेव्हा पडदा हिरवागार होता.

काठावर का होईना, पास झाले. शेरा होता: बोलण्यात आत्मविश्वास आणि आपुलकी. आपुलकी! मला आधी हसू आलं, मग रडू.

खाली बसस्टॉपवर येते तोच बाबांचा फोन. "काय झालं गं? शाळेचे सर विचारत होते."

पास झाल्याचं सांगितलं.

"बरं झालं," ते म्हणाले. "म्हणजे आता तू परत नाही येणार?"

मघाचं वाक्य न् वाक्य ओठांवर होतं, पण इंग्रजीत. मराठीत त्यातलं एकही जुळेना.

"बघू, बाबा," मी म्हणाले.