कॉफी न पिणारा साहेब

चहाला नाही म्हणणारा आणि तरीही ज्याला सज्जन म्हणावं, असा माणूस मला उभ्या आयुष्यात एकच भेटला. तोही सौदीत, कुवेतच्या लढाईआधीच्या वर्षांत. हफ्र अल बातिनच्या आमच्या जनरेटर वर्कशॉपचा तो मोठा साहेब. अमेरिकेतल्या युटा नावाच्या डोंगराळ मुलखातला, ख्रिस्त्यांतल्या मॉर्मन पंथाचा. मॉर्मन म्हणजे काय, हे कॅम्पातल्या आम्हा चाळीस जणांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. कळलं ते एवढंच, की चहा नाही, कॉफी नाही, सिगारेट नाही, दारू नाही आणि शिवी नाही. पैकी दारू न पिण्याचं कौतुक सौदीत कोण करणार? पण एकदा भलामोठा पाना पायावर पडला, तेव्हाही हा माणूस नुसतं "हेक!" म्हणून एका पायावर नाचला, आणि आमचे फोरमन इब्राहिमभाई हादरलेच. "सावंत, आपल्या अख्ख्या रत्नागिरीत एवढं सोसणारा बघितला नाय रे," असं ते मला दोन दिवस सांगत होते. महिन्यातून एकदा तो पाण्याचा थेंबही न घेता उपास करी. मी मोठ्या अभिमानाने त्याला आमच्या एकादशीची माहिती दिली: साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस. त्यावर "म्हणजे त्या दिवशी तुम्ही जास्त खाता?" असं त्याने इतक्या निरागसपणे विचारलं, की मला धड रागही येईना.

बातम्यांचं त्याला भारी वेड. प्रत्येक बातमी तो आपल्या धर्मग्रंथाशी ताडून बघे. तो ग्रंथ सौदीत चारचौघांत काढायची सोय नव्हती, म्हणून दुपारच्या सुट्टीत तो मला आपल्या खोलीत बोलावी. ट्रान्झिस्टर कानाशी, ग्रंथ मांडीवर. बातमी ऐकायची, पानं उलटायची आणि निकाल द्यायचा. त्यांच्या ग्रंथात एक कुटुंब जेरुसलेम सोडून ह्याच अरबस्तानच्या वाळवंटातून समुद्राकडे निघतं, त्यामुळे इथला प्रत्येक कोरडा ओढा त्याला माहेरचा वाटे. एका सुट्टीत त्याने मला पार तांबड्या समुद्रापर्यंत नेलं आणि दगडगोट्यांत उभं राहून, "ते इथेच उतरले असतील," असं सांगताना त्याचे डोळे भरून आले. मी मान डोलावली. नाशिकला पंचवटीत काय काय दाखवतात, ते मी पाहिलेलं होतं.

राजकारणावर त्याचं एकच मत. माणसं श्रीमंत झाली, भारी कपडे घालून मिरवू लागली, की लढाई आलीच. त्याच्या ग्रंथात म्हणे हेच पुन्हा पुन्हा होतं. कुवेत पडलं त्या आठवड्यात नेमकी मी नवी टेरिकॉटची पँट घातली होती. तिच्याकडे तो असा बघत राहिला, जणू इराकी फौज माझ्याच शिंप्याने धाडली आहे. पण वाईट मात्र कुणालाच म्हणायचा नाही, ना आपल्या राष्ट्राध्यक्षाला, ना बगदादवाल्याला. "दोघांसाठीही प्रार्थना करतो," तो म्हणाला. "बगदादवाल्यासाठी जरा जास्त वेळ लागतो."

त्याची खरी अडचण व्हायची ती आमच्या मुदीरच्या बैठकीत. मुदीर म्हणजे कंपनीचा सौदी मॅनेजर, दिलदार गृहस्थ. येईल त्याच्या हातात वेलची घातलेल्या अरबी कॉफीचा इवलासा कप. साहेब कप घेई, मान लववी आणि न पिता समोर ठेवून देई. आपण सभ्यपणाची कमाल केली, असं बिचाऱ्याला वाटायचं. पण त्या लोकांत कॉफी न पिता खाली ठेवणं म्हणजे, 'माझं एक मागणं आहे, ते मान्य करा, मगच पितो.' मुदीर लगेच छातीवर हात ठेवून विचारी, "बोल, काय हवं?" आणि साहेब हसून सांगे, "काही नको!" चार वर्षं हेच. मुदीरला वाटे, हा आपली थट्टा करतो. इब्राहिमभाईंनी एकदा साहेबाला हा रिवाज समजावला. "मग कपच घेऊ नको का?" तो म्हणाला. तो तर सरळ अपमानच, म्हणून प्रकरण तिथेच राहिलं.

जानेवारीत क्षेपणास्त्रं पडणार, त्यांत विषारी वायू असणार, अशी बोलवा उठली. गॅस मास्क आले, ते ऑफिसातल्या लोकांपुरते. उरलेले पाहुण्या बड्या साहेबांसाठी गोदामात राखून ठेवले. कॅम्पाला उत्तर एकच, "बुकरा", म्हणजे उद्या. पासपोर्ट कफीलकडे, म्हणजे आम्हाला नोकरीवर आणणाऱ्या मालकाकडे, आणि विमानं बंद. आम्ही ओले टॉवेल जवळ बाळगून होतो आणि घरच्या पत्रांत सगळं ठीक असल्याचं लिहीत होतो. साहेबाने आपला मास्क पेटीत परत ठेवला, माझ्याकडून चाळीस नावांची यादी टाइप करून घेतली आणि मला नि इब्राहिमभाईंना घेऊन मुदीरकडे गेला.

कॉफी आली. साहेबाने कप खाली ठेवला.

"आज तरी काही हवंय का?" मुदीरने वैतागून विचारलं.

साहेबाने यादी पुढे केली. मुदीरने ती शेवटच्या नावापर्यंत वाचली आणि म्हणाला, "दिले. आता पी."

"सावंत, आता नाय प्यायला तर खलास," इब्राहिमभाई माझ्या कानाशी कुजबुजले. साहेबाने डोळे मिटले, ओठ हलवले आणि लहान मूल एरंडेल पितं तशी ती कॉफी एका घोटात संपवली. पुरे झालं की रिकामा कप हलवून दाखवायचा असतो, हे जन्मात कॉफी न प्यालेल्याला कुठून ठाऊक? वाढणाऱ्याने पुन्हा कप भरला. चाळीस मास्कांना इतके कप लागतच असतील, असं समजून साहेब पीत राहिला. पाचव्या कपाला मुदीरनेच उठून त्याचा हात धरला. तेव्हा त्याचे डोळे ओले झालेले मी पाहिले, मुदीरचे.

मास्क त्याच संध्याकाळी आले. वायू काही आला नाही. लढाई संपली आणि काही आठवड्यांनी साहेब मायदेशी निघाला. त्याला गाडीपर्यंत सोडायला गेलो, तेव्हा मला राहवलं नाही. म्हटलं, "साहेब, मास्क कामाला आलेच नाहीत. तुमचं व्रत उगाच मोडलं."

"मास्क मी मुदीरकडे मागितले होते," तो म्हणाला. "ते लागू नयेत, हे वरच्याकडे मागितलं होतं. पण कॉफी प्यायल्यावर तो माझं ऐकेल का, ह्याच धास्तीत दीड महिना काढला."

गाडी गेली. त्यानंतर त्याची भेट नाही. ज्याच्या भरवशावर तो जगत होता, त्याचीच मर्जी त्याने आम्हा चाळीस जणांसाठी पणाला लावली होती. आणि मी त्या दिवशी मुदीरच्या बैठकीत, कप रिकामा होतो की नाही, एवढंच बघत बसलो होतो.