भावासाठी उतरवलेलं वजन

माझी किडनी जुळते आहे असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा माझा धाकटा भाऊ खुर्चीतून उठून उभाच राहिला. त्याची बायको रडायला लागली. डॉक्टर मात्र माझ्याकडे बघत होते.

"ताई, रक्तगट जुळला, बाकीचंही जुळलं," ते म्हणाले. "पण तुमचं वजन हे असं असताना मी ऑपरेशन करणार नाही. साखरही काठावर आहे. आधी वीसेक किलो उतरवा, मग बोलू."

पंच्याऐंशी किलो वजन होतं माझं. दोन अनोळखी नर्सांसमोर ते बोलून दाखवल्यावर लाज वाटायला हवी होती, नाहीतर ऑपरेशनची भीती तरी. मला काहीच वाटलं नाही. मी पर्समधला रुमाल काढून भावजयीला दिला आणि विचारलं, "जिन्यानं जायचं की लिफ्टनं?" त्या दिवसापासून पुढं कितीतरी महिने मला फारसं काही वाटलंच नाही. करायची कामं होती, ती मी करत गेले.

भाऊ माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. पेठ वडगावला त्याचं मोटार रिवायंडिंगचं दुकान होतं. विहिरींवरच्या जळक्या मोटारी त्याच्याकडं यायच्या आणि तो दिवसभर मांडी घालून तांब्याची तार गुंडाळत बसायचा. डोकं दुखलं की गोळी घ्यायचा. रक्तदाब वाढलाय हे कळलं, तेव्हा दोन्ही किडन्या जवळपास गेल्या होत्या. मग दर मंगळवारी आणि शुक्रवारी तो कोल्हापुरात डायलिसिसला यायला लागला. ते झालं की जेवायला माझ्याकडं. आई-वडील गेल्यावर त्याला मोठं माणूस मीच उरले होते.

त्या संध्याकाळी मी नवऱ्याला डॉक्टरांचं बोलणं सांगितलं. नवरा शिरोलीच्या एका फौंड्रीत सुपरवायझर आहे. दिवसभर भट्टीपुढं उभा राहून घरी येणारा माणूस. तर्री नसलेली भाजी म्हणजे त्याच्या हिशेबी आजाऱ्याचं जेवण.

"म्हणजे आता घरात गवत खायचं?" तो म्हणाला.

"तुम्ही नका खाऊ. मी खाते."

"आणि मी तुझ्यासमोर बसून मटण खाऊ?"

मुलगी तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिनं उठून फडताळातला तेलाचा डबा काढला, त्यातलं थोडं तेल एका बाटलीत ओतलं आणि डबा माळ्यावर टाकला. "मम्मी, आठवड्याला एवढंच," ती म्हणाली. पहिल्या आठवड्यात ती बाटली गुरुवारीच संपली. शुक्रवारी आणि शनिवारी आम्ही उकडलेलं खाल्लं.

आमच्या स्वयंपाकात तेल काढून घेतलं की काय उरतं, हे मला तेव्हा कळलं. कांदा-लसूण चटणी तेलात परतली नाही तर तोंडात लाल मातीसारखी लागते. मी कोरड्या कढईत कांदा भाजायला शिकले, तो चिकटायला लागला की पाण्याचा हबका मारायचा आणि चटणी अगदी शेवटी टाकायची. चव जवळपास जायची, पण वास यायचा. भाजीतलं शेंगदाण्याचं कूट निम्मं झालं. म्हशीचं दूध बंद करून गाईचं सुरू केलं. चहातली साखर गेली, रात्रीचा भात गेला. दोन भाकऱ्यांची एक झाली आणि तिच्याशेजारी काकडी, मुळा, कच्चा कांदा यांचा ढीग आला. मटकीची उसळ व्हायची, पण वर फरसाण नाही. फरसाण नसेल तर तिला मिसळ म्हणू नये, असं नवरा म्हणाला. मलाही ते पटलं. आम्ही तिला उसळच म्हणायला लागलो.

पहिले काही रविवार नवरा बाहेर जेवला. दुपारी घरी आला की शर्टाला रश्शाचा वास यायचा. मी तो शर्ट धुवायला टाकायची. मग एका रविवारी तो कुठं गेला नाही. अकराच्या सुमारास स्वयंपाकघराच्या दारात येऊन त्यानं विचारलं, "काय केलंयस?"

"दुधी."

तो खाली बसला, जेवला आणि पेपर घेऊन पलंगावर पडला. त्यानंतर कुठल्याच रविवारी तो बाहेर जेवला नाही.

मी एका शाळेच्या ऑफिसात काम करते. दुपारी चारच्या चहाला तिथल्या बायकांपैकी कोणीतरी भडंगाची, म्हणजे तिखट चुरमुऱ्यांची, पुडी फोडायचंच. "एक मूठ घ्या की बाई, एका मुठीनं काय होतंय?" मी नको म्हणायची. आधी त्यांना वाटलं मला उपास आहे. मग त्यांना खरं कारण कळलं, तेव्हा माझ्यासमोर भडंग खायच्याच त्या बंद झाल्या. ते मला जास्त अवघड गेलं. भूक तर रोजच होती. शेजारच्या घरात कोणीतरी टीव्ही चालू ठेवून गेलंय, तशी ती चालू असायची. संध्याकाळी मी रंकाळ्याला फेऱ्या मारायची. भेळेच्या गाड्यांच्या बाजूनं गेलं काय आणि पलीकडून गेलं काय, मला फरक पडायचा नाही. माझा मोठा निग्रह वगैरे काही नव्हता तो. आतलं काहीतरी बंद पडलं होतं, त्याचा उपयोग होत होता.

भावाच्या जेवणाचं सगळं उलटं होतं. माझ्यासाठी जे चांगलं, तेच त्याला चालत नव्हतं. टोमॅटो, पालक, केळं, नारळपाणी, सगळं बंद. त्याची भाजी चिरून भरपूर पाण्यात उकळायची, ते पाणी ओतून द्यायचं आणि मग फोडणी घालायची. मीठ नावाला. प्यायचं पाणीसुद्धा मोजून. म्हणजे मंगळवारी आणि शुक्रवारी माझ्या गॅसवर दोन भांडी असायची, एक त्याचं, एक आमचं. डायलिसिसवरून तो पिवळट, थकलेला यायचा, भिंतीला टेकून बसायचा आणि माझ्या ताटाकडं बघायचा.

"अक्का, तुझं औषध त्ये माझं इख हाय," तो म्हणायचा. "एका आईची लेकरं आपण, आणि ताटं बघ की."

"गप जेव."

"जेवतोय की. पण ह्या दोडक्यानं काय पाप केलंतं? पार धुऊन काढलाईस त्याला."

मुलगी हसायची. नवराही हसायचा. माझं वजन उतरायला लागलं होतं. आधी भराभर, मग एका जागी महिनाभर अडकलं, मग पुन्हा हळूहळू. दर वेळी आला की भाऊ आधी माझ्या मनगटातल्या बांगड्या बघायचा. त्या कोपराकडं सरकायला लागल्या तसा त्याचा चेहरा उजळायचा.

त्या वर्षी गावाकडची यात्रा आली. आमचं मूळ गाव राधानगरीच्या अलीकडं. चुलतभाऊ तिथंच राहतो, भाताची शेती आणि चार म्हशी. यात्रेला गेलो नाही तर तो वर्षभर बोलला नसता, म्हणून आम्ही गेलो, भाऊ आणि मी दोघंही आपापला डबा घेऊन. अंगणात पंगत बसली होती. मटणाचा रस्सा बादल्यांतून फिरत होता. आम्ही गोठ्याशेजारच्या कट्ट्यावर बसून डबे उघडले, तसा चुलतभाऊ पळी घेऊन तिथंच आला.

"यात्रंला यिऊन डबा? आमच्या घरचं तोंडाला लागत न्हाय व्हय?"

मी काहीतरी सांगणार, तोवर भाऊ मोठ्यानं म्हणाला, "दादा, ही बारीक झाली की हिच्यातला एक पार्ट मला बसवायचा हाय. माझा जळलाय. मोटारीचं काम समज आणि जा आता."

पंगतीतले सगळे हसले. मग अर्थ लक्षात आल्यावर आपापल्या ताटाकडं बघायला लागले. चुलतभाऊ पळी तशीच धरून उभा राहिला. भावानं त्याच्या पळीत करंगळी बुडवली, जिभेला लावली आणि म्हणाला, "मीठ बरोबर हाय."

चुलतभाऊ गेल्यावर आम्ही जेवायला लागलो. मागं म्हशी रवंथ करत होत्या.

"अक्का, भ्या वाटतंय का?" त्यानं खाली बघत विचारलं.

"नाही."

"मला वाटतंय. माझं न्हाय, तुझं."

"भाजी संपव," मी म्हणाले.

थंडी सरता सरता मी डॉक्टरांना हवं होतं त्या आकड्याच्या खाली आले. साखर उतरली. डॉक्टरांनी माझे कागद दोनदा वाचले आणि म्हणाले, "तुम्ही खरंच केलंत." शेवटच्या काही तपासण्या राहिल्या होत्या, त्या झाल्या की ऑपरेशनची तारीख मिळणार होती. नवऱ्यानं फौंड्रीत रजेचं सांगून ठेवलं. भावजयीनं माझ्यासाठी समोरून उघडणारे दोन गाऊन घेतले.

शुक्रवारचं डायलिसिस करून भाऊ माझ्याकडं जेवून गेला. सोमवारी सकाळी मी मेथी निवडत होते. फोन वाजला. भावजय होती.

"वन्सं, ह्ये उठंनात."

"हाक मार."

"मारली. अंग गार लागतंय."

मी नवऱ्याला उठवलं. निघण्याआधी निवडलेली मेथी पाण्यात टाकली, म्हणजे सुकू नये. ते मला अजून स्पष्ट आठवतं. वडगावच्या वाटेवर मी एकदाही रडले नाही. पोहोचलो तेव्हा दारात माणसं जमली होती. झोपेतच हृदय थांबलं, असं तिथले डॉक्टर म्हणाले. डायलिसिसवरच्या माणसाचं असं होऊ शकतं, हे आम्हाला आधी सांगितलं होतं. आम्ही ते ऐकलंही होतं.

संध्याकाळी सगळं उरकून माणसं भावाच्या घरी परत आल्यावर तिथल्या शेजारणींनी कडू घास आणला. मयताच्या घरी त्या दिवशी चूल पेटवायची नसते, म्हणून शेजारपाजारचे पिठलं-भाकरी आणतात. माझ्यासमोर ताट ठेवलं. पिठल्यावर तेल तरंगत होतं. माझ्या मनात पहिलं आलं ते हे, की यात आमचं दोन दिवसांचं तेल आहे. मग मी ते सगळं खाल्लं.

तेराव्याला नातेवाईक जमले. बायका माझा हात हातात घेऊन रडायच्या, आणि रडून झालं की मला वरपासून खालपर्यंत बघायच्या. "किती बारीक झालीस गं! काय केलंस?" काहींना कारण माहीत नव्हतं. मी सांगायची, तेल कमी केलं, भात सोडला, चालले. त्या मान डोलवायच्या. एका मावशीनं मुलीकडून मोबाईलमध्ये टिपूनही घेतलं. मला राग आला नाही. त्यांनी विचारलं, मी सांगितलं.

नंतर हॉस्पिटलातून एका मुलीचा फोन आला. राहिलेल्या तपासण्यांना कधी येता, असं विचारत होती. मी म्हणाले, "पेशंट गेले." ती म्हणाली, "सॉरी मॅडम." मग म्हणाली, "तुमचे रिपोर्ट तेवढे घेऊन जा." मी गेले. डॉक्टर समोरच भेटले. त्यांनी मला बसवलं, पाणी मागवलं. मग म्हणाले, "हे खाणं सोडू नका, ताई. तुमची साखर आता चांगली आहे." मी बरं म्हणाले.

घरी त्या रात्री जेवताना मुलीनं विचारलं, "मम्मी, आता काय करायचं?"

ती कशाबद्दल विचारते आहे ते तिघांनाही समजलं. माळ्यावरचा डबा काढायचा की नाही, म्हशीचं दूध पुन्हा लावायचं की नाही. नवरा एकाएकी घास हातात धरून रडायला लागला. भावाच्या मयतालाही तो रडला नव्हता. मी त्याच्या ताटात अर्धी भाकरी वाढली. दुसऱ्या दिवशी मी नेहमीसारखाच स्वयंपाक केला, त्याच्या पुढच्या दिवशीही. ठरवलं कोणीच नाही, पण खाणं तेच राहिलं. नवरा महिन्यातून एखाद्या रविवारी मटण आणतो, स्वतः शिजवतो, मी दोन फोडी घेते. चार-पाच किलो परत आले आहेत.

दुकानात आता भावजय बसते. जुना कारागीर मोटारी बांधतो, ती गिऱ्हाईक बघते. या उन्हाळ्यात तिला चक्कर आली म्हणून मी तिला कोल्हापुरात दाखवलं, तर तिचाच रक्तदाब वाढलेला निघाला. दवाखान्यातून ती माझ्याबरोबर घरी आली. ओट्याशी उभी राहून म्हणाली, "वन्सं, मला बी शिकवा. त्यांचं करून करून बिनमिठाचं येतंय. पण तुमच्यासारखं न्हाय जमत."

मी कोरडी कढई गॅसवर ठेवली आणि कांदा चिरून तिच्यापुढं केला.

"लई भूक लागती का हो?"

"लागते."

"मग काय करायचं?"

"काही नाही," मी म्हणाले. "कांदा हलव, करपेल."

ती हलवायला लागली. चिकटायला लागला तसा मी पाण्याचा हबका मारला. वाफेनं तिनं तोंड मागं घेतलं आणि विचारलं, चटणी आत्ता टाकू का? मी म्हणाले, अजून थोडं थांब.