अळणी नवस

माझा थोरला भाऊ अवसरी बुद्रुकला शेती करतो. पूर्वी कधी तो झोप सोडून एकाच वावरात तीन-तीन विहिरींच्या जागा आखायचा, तर कधी महिनाभर खाटेवरून उठायचा नाही. लिथियमच्या गोळीने दोन्ही थांबलं. एका खनिजाने मनाचे चढउतार कसे आटोक्यात येतात, याचं मला कुतूहल होतं. नारायणगावच्या डॉक्टर बाई म्हणाल्या, लिथियम हाही एक क्षार. मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप पोचवतात, त्यावर तो काम करतो. नेमका कसा, ते अजून पुरतं उलगडलेलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात वहिनीने ओझरच्या गणपतीला नवस केला: भाऊ कायमचा बरा होऊ दे, एका संकष्टीपासून दुसरीपर्यंत तो अळणी जेवेल. बोलली वहिनी, पाळायचा भावाने. आमच्याकडे नवस असेच चालतात. भर उन्हात टोमॅटोची तोडणी सुरू होती.

काही दिवसांत त्याचे हात थरथरू लागले. मग उलट्या, जड जीभ, झोकांड्या. चुलत्यांचं मत पडलं की गोळीच बाधली, ती कायमची बंद करा. वहिनीला विहिरींचे दिवस आठवले. तिने तडक त्याला नारायणगावला नेलं. मीही पोचलो.

बाईंनी रक्त तपासायला पाठवलं, सलाईन लावलं आणि जेवणात काय बदललं ते विचारलं.

"मीठ सोडलंय," भाऊ म्हणाला. "देवाचं हाय."

गोळी तेवढीच होती, पण रक्तातलं लिथियम वाढलं होतं. बाईंनी कारण सांगितलं: ताटातलं मीठ बंद, घामातूनही जातंय; शरीराला मीठ कमी पडलं की मूत्रपिंडं ते धरून ठेवू लागतात आणि सोबत लिथियमही अडवतात. मला गोळीचा तपास करायचा होता. उत्तर भाजीत निघालं.

काही दिवस थांबवून गोळी पुन्हा सुरू झाली. मीठ नेहमीइतकं, पाणी भरपूर, अधूनमधून रक्ततपासणी.

नवस मात्र अर्धा राहिला होता. उरलेले दिवस त्याच्याऐवजी स्वतः अळणी खायचं, असं वहिनीने ठरवलं.

"मग मला काय लोणच्यावानी मुरवायला ठिवलंय?" भावाने विचारलं.

वहिनीने त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. ती माझ्याकडे वळली.

"भाऊजी, बाईंना फोन लावा. मला चालंल का, ते आधी इचारते."