खोबरमधला निकाह

आखाती युद्ध संपून काही महिने झाले होते, तेव्हाचं हे प्रकरण. अजून डोक्यातून गेलेलं नाही. मी रायगडच्या किनाऱ्यावरच्या एका ठाण्यात फौजदार होतो. सौदीतल्या अल-खोबरहून सुट्टीवर आलेला पन्नाशीचा एक दुकानदार तक्रार घेऊन आला. "सासूनं माझ्या बायकोला घरात डांबलंय. शुक्रवारी आमचं परतीचं विमान आहे." निकाहनामा चोख होता. मीही शहाणा! हवालदाराला म्हटलं, मुलीला घेऊन या.

मुलगी विशीतली. बाप हयात नव्हता. खोबरला मामूच्या घरी त्याची मुलं सांभाळायला गेली होती, तिथेच मामूनं हा निकाह लावला.

"साहेब, मला धाडू नका. मी मनानं कबूल केलंच नाही."

"तोंडानं केलंस ना?"

तिनं मान खाली घातली. मला वाटलं, घरगुती भांडण, कशाला नसती ब्याद! पण निकाहाचा एक साक्षीदार, मामूचा ड्रायव्हर, गावी आलेला होता. नियमाप्रमाणे त्याचा जबाब घ्यायला बसलो.

तो घडाघडा बोलला. पढवलेला माणूस मध्ये श्वास घेत नाही. पोरीनं तीनदा कबूल म्हटलं, आम्ही कानांनी ऐकलं, वगैरे. मी बारीकसारीक विचारत गेलो. वेळ मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजानंतरची होती.

"तेवढ्यात हल्ल्याचा भोंगा झाला, सगळ्यांनी मास्क चढवले."

इराकी क्षेपणास्त्रांतून विषारी वायू येईल, या धास्तीनं युद्धाच्या दिवसांत तिकडे असे मास्क घरात ठेवत.

"मास्कमधून तिचं कबूल ऐकू आलं?"

"तिच्या तोंडावर मास्क नव्हता, साहेब."

"का?"

"मामूच्या हातात होता. तीनदा कबूल म्हटल्यावर दिला."

माझं डोकं सणकलं. बाहेर येऊन मुलीला विचारलं, हे आधी का नाही सांगितलंस?

"जिवाला भ्याले, साहेब. लाज वाटली."

तिला आईकडे सोपवलं, दुकानदार आणि मामूवर गुन्हा नोंदवला. गुन्हा परदेशातला, खटल्याला दिल्लीची परवानगी लागते. कागद तिथे अडकले ते अडकलेच. मामू गावी फिरकला नाही. निकाह तेवढा कोर्टानं रद्द ठरवला.

माणूस हो म्हणाला का, हे कुणीही तपासतो. त्याला नाही म्हणता आलं असतं का, हे विचारायला हवं. मी ड्रायव्हरला तासभर बोलतं केलं, आणि जिचं आयुष्य जात होतं, तिला एका प्रश्नात गप्प केलं. त्याची टोचणी अजून आहे.