कोपऱ्यातला हात

आमच्या ऑनलाइन फोटोग्राफी ग्रुपवर मी टोपणनावाने परीक्षणं लिहायचो, आणि काय त्याचा थाट! पाचपैकी दोन तारे देताना तर मला न्यायाधीश झाल्यासारखं वाटे.

एका सकाळी नेरूळच्या खाडीकाठी साठीचे एक गृहस्थ भेटले. समोर फ्लेमिंगो, तरी यांचा कॅमेरा गळ्यातच. मी ग्रुपातला आहे कळताच त्यांनी मोबाइलवर एक फोटो दाखवला. नुसता गुलाबी थवा.

"झकास! किती तारे मिळाले?"

"आधी दोन. मिसेस पक्षी दाखवत होती, तिचा हात कोपऱ्यात आलेला. एकाने लिहिलं, या आगंतुकाला हाकला, फोटो खुलेल. मी हात कापला आणि त्याच्यावरच सेव्ह केलं. मग पाच मिळाले."

"मूळ फोटो?"

"तोच होता हो. महिन्याभरात ती गेली. शेवटचा तेवढाच होता तिचा." त्यांचा अंगठा फोटोच्या कडेवरून फिरत राहिला. "पण त्या माणसाचं बरोबर होतं. फोटो खुलला."

आगंतुक हा माझाच शब्द. तेव्हा त्यावर ग्रुप खदाखदा हसला होता.

"तुम्ही कुठल्या नावाने लिहिता?" त्यांनी विचारलं.

"छे हो," मी म्हणालो, "मी नुसता बघतो."